अकरा चिंचोके

इंदिरानगर, नाशिक
१४ जानेवारी १९८६

प्रिय निवृत्ती,

आठ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, जुनं प्रेम उकरून काढायला बसलेली नाही. ते तू पुण्याची गाडी पकडलीस तेव्हाच आटोपलं. रविवारी तुझा इथे सत्कार आहे. निमंत्रणपत्रिकेत तुझा फोटो छान आलाय. अंगानं सुटलास जरा. घोटीचा भात तिकडेही मिळतो वाटतं.

पाकिटात कागदाच्या पुडीत अकरा चिंचोके आहेत, मधोमध फोडलेले. टाकून देऊ नकोस. शहात्तर साली द्राक्षाच्या सालीवरच्या यीस्टनं आपल्याला वेड लावलं होतं, आठवतं? त्याच्या पेशीत साखर पचवणारी अकरा जनुकं. एकाचं प्रथिन दुसऱ्याला चालू करतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला बंद पाडतं, आणि तिसरं फिरून पहिल्याच्या मुळावर येतं. कोण कोणाच्या तालावर नाचतं ते कागदावर काही केल्या उलगडेना. तेव्हा आमच्या घराच्या फरशीवर मी खडूनं ते सगळं जाळं काढलं आणि प्रत्येक जनुकावर एक चिंचोका ठेवला. पांढरी बाजू वर म्हणजे चालू, तपकिरी वर म्हणजे बंद. नियमानं उलटत सगळ्या जाळ्याची एक फेरी झाली की एक चाल. तू हसला होतास. मग स्वतःच मांडी घालून बसलास.

आपण दोघं दिवसभर कॉलेजात शिकवायचो. चाली खेळायला वेळ होता तो फक्त माझ्या आईला, शकुबाईला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणतं जनुक कशानं उलटतं ते सगळं तिनं विड्या वळता वळता पाठ केलं. दुपारी विड्यांचं सूप बाजूला सारायची, चिंचोके उलटायची आणि चौकटीच्या वहीत गोल नाही तर फुली काढायची. अशा चार वह्या भरल्या तिनं. संध्याकाळी तू आलास की तिच्या हातचा चहा प्यायचास आणि वही चाळत म्हणायचास की मावशी, तुमचं नाव छापून आणतो. ती लाजायची.

त्या वह्या तू संगणकावर ताडून बघतो म्हणून नेल्यास. पुढच्या वर्षी निबंध छापून आला. नाव एकट्याचं. आकडे म्हणे संगणकानं काढलेले, आणि खाली बारीक टाइपात ‘स्थानिक मदतीबद्दल आभार’. मी कॉलेजच्या जिन्यात उभ्यानं वाचला तो. मग अंक पिशवीत टाकला. घरी आईनं विचारलं, आलं का गं नाव? मी तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हे बघ, हे तुझं. तिनं पदराला हात पुसून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ते पान तिनं बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवलंय. निवृत्ती, मला लुबाडलंस ते मी एक वेळ पोटात घातलं असतं. ते बोट मात्र मी कधीच विसरणार नाही.

आता खरी बातमी. वह्या गेल्या तरी आईचा दुपारचा खेळ सुटला नव्हता. ऐंशीच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच आईला चाली खेळताना शेजारी बसून बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. आपला नियम काय होता? आधी अकराही जनुकं बघायची, मग जी बदलायची ती सगळी एकदम. तुझ्या निबंधातही तसंच छापलंय. आई मात्र दाराकडून सुरुवात करून एकेक उलटत चुलीकडे जात होती. एक उलटला की त्याच्याकडे बघून पुढचा. मी विचारलं तर म्हणाली, “सारीपाटात एक सोंगटी हालली की मंग दुसरी. समद्या एकदम कशा उलटू? दोनच हात हायेत मला.” चूक माझी. नियम सांगितला, खेळायचं कसं ते सांगितलंच नव्हतं.

मी सगळा डाव नव्यानं मांडला. तुझ्या निबंधात सहाव्या चालीला सगळी जनुकं शांत होतात, पुढे एकही उलटत नाही. त्याच शांत होण्यावर तुझी पीएच.डी. आणि तुझा विभाग उभा आहे. एकदम उलटली तर ती शांत होतच नाहीत. सातव्या चालीला पहिल्या मांडणीवर येतात आणि तशीच गोल फिरत राहतात. पुडी उघड आणि स्वतः करून बघ. तुझा तक्ता येतो तो फक्त दाराकडून चुलीकडे गेलं तरच. असा कोणता संगणक असतो रे, ज्याला दार आणि चूल कळते? सहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. तू त्याच तक्त्यावर एकेक निबंध चढवत होतास आणि मी प्रत्येक अंक मागवून वाचत होते. मजा आली, खोटं कशाला बोलू.

रविवारचं आभारप्रदर्शन माझ्याकडे आहे. मीच मागून घेतलं. आई पहिल्या रांगेत बसणार आहे, नवं लुगडं काढून ठेवलंय तिनं. तुझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचंय तिला, दहा वर्षं वाट बघतेय. ते नाव घेतलंस तर वह्या कोणाच्या आणि आकडे कोणाचे तेही सांगावं लागेल, म्हणजे तुझा संगणक गेला. नाही घेतलंस तर मी आभार मानायला उठेन, टेबलावर खडूनं जाळं काढेन आणि आईला वर बोलावेन. ती सगळ्यांसमोर दाराकडून सुरुवात करेल. यायचं टाळलंस तरी आभार होणारच आहेत. तुला चार दिवस आधी कळवतेय ते दयेनं नव्हे. हे चार दिवस तुला झोप लागू नये म्हणून.

तुझीच,
स्थानिक मदत
(मैना)