फोटोतलं कोपर

टोलेडो, ओहायो
बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४

प्रिय डॉली,

कॉर्डेल मेफील्ड अजून इथेच आहे. ही आज दुपारी पावणेचारपर्यंतची बातमी. दुजोरा व्हर्नाच्या मावसबहिणीचा. ती स्टेडियमच्या धुलाईखान्यात कामाला आहे. त्याचे आठ नंबरचे दोन्ही शर्ट धुऊन वाळून शुक्रवारच्या सामन्यासाठी खुंटीवर लागलेत, असं तिनं स्वतः पाहून सांगितलं. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत उद्या तीनला संपते. म्हणजे हे तातडीचं पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल आणि तू मला हसत असशील.

मी बरा आहे. तूही बरी असशील. तिकडे टूसॉनला ऊन पडलं असेल, ते लिहून कळवू नकोस. इथे रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडलाय, आणि गुडघा आहे तसाच आहे. तुझं पत्र दहा जानेवारीलाच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण इथे कॉर्डेलची भानगड सुरू झाली. हे कारण तुला पटणार नाही. तरी आधी तेच सांगतो.

तुला गाव सोडून चौदा वर्षं झाली, म्हणून थोडं मागचं. आपल्या ग्लासमेन बास्केटबॉल संघात कॉर्डेल अकरा वर्षं खेळतोय. वय चौतीस. करार जूनमध्ये संपतो. सॅक्रामेंटोवाले म्हणतात, हा आम्हाला द्या, बदल्यात दोन तरणी पोरं घ्या, वर नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जादा पाळी. एवढ्यावर गावाचे दोन तट पडले. व्हर्नाच्या खानावळीत खिडकीजवळचं आपलं टेबल तुला आठवत असेल. तिथेही पडले.

"देऊन टाका," असं गस म्हणतो. हा गस हद्दाद, कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. "चौतीस वर्षांचा घोडा तो. गुडघे ह्या लिओसारखे वाजतात." बोट माझ्याकडे.

"अकरा वर्षं त्यानं तुला पोसलं," असं ओटिस म्हणतो. ओटिस प्रुइट, तुझी सात नंबरची बस चालवायचा तोच. आता निवृत्त झालाय, पण अजून सगळ्यांना मागे सरकायला सांगतो.

"मला? मला माझ्या भट्टीनं पोसलं!"

"संघ जिंकला की तू पाव फुकट वाटतोस, हरला की गिऱ्हाइकांवर खेकसतोस. दुकान तोच चालवतो तुझं."

व्हर्ना कॉफी ओतत मध्ये पडते. "अंडी थंड करू नका रे. बदल्यात काय मिळतंय ते बोला."

"दोन पोरं."

"काय येतं त्यांना?"

"उंच आहेत," गस म्हणाला.

"झाडंही उंच असतात."

हे महिनाभर चाललं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते सोमवारी, एकोणतीस जानेवारीला. त्या दिवशी दुपारी गावातल्या प्रत्येक फोनवर एक फोटो आला. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर गाड्या लावायची जागा, आणि तिथे आपला कॉर्डेल. त्याच्या दोन्ही हातांत घर हलवताना लागतात ती पुठ्ठ्याची खोकी, घडी घालून बांधलेली, मोठा भाराच.

झालं! खोकी कोण घेतं? जो जातो तो.

गसनं फोटो बोटांनी मोठा केला. "हे बघा. उजव्या कडेला. कोपर."

खरंच एक कोपर होतं. तपकिरी कॉर्डरॉयचा कोट, कोपरावर ठिगळ. माणूस नाही, फक्त कोपर.

"त्याचा एजंट," ओटिस म्हणाला.

"ठिगळाचा कोट घालणारा एजंट? तो सॅक्रामेंटोचा हेर आहे. ओळखू येऊ नये म्हणून गरीब कपडे घातलेत."

"कोपर म्हातारं वाटतं," व्हर्ना म्हणाली.

"कोपराचं वय कसं कळतं?"

"वाकण्यावरून."

त्या कोपरावर रेडिओच्या क्रीडा कार्यक्रमात पाऊण तास चर्चा झाली. एक डॉक्टर फोन करून म्हणाला की हे कोपर डाव्या हाताचं आहे आणि माणूस काहीतरी लपवतोय.

डॉक्टरचं बरोबर होतं. डॉली, ते कोपर माझं आहे. ठिगळ जोननं लावलेलं, ती वारली त्याच्या आदल्या हिवाळ्यात. बायकोच्या हातचं, म्हणून कोट टाकवत नाही. आणि खोकीही माझी आहेत.

एकतीस वर्षं मी पेपरच्या क्रीडा पानावर काढली. दुजोरा नसेल तर बातमी थांबवायची, हे पोरांना मीच शिकवायचो. आणि गावातली सगळ्यात मोठी बातमी खोटी आहे हे ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं, तो नऊ दिवस टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होता. कोट कपाटात टाकला. उणे आठमध्ये स्वेटरवर फिरलो. गसनं विचारलं, "कोट कुठे?" म्हटलं, धुवायला टाकलाय. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "ते कोट धुतात की विणतात?"

का गप्प बसलो? खोकी माझी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: तुला कशाला लागली? आणि त्याचं उत्तर मी तुलाही दिलं नव्हतं.

त्या दिवशी झालं ते असं. खोकी घेतली, पण दारासमोर बर्फ, भारा जड, आणि गुडघ्यानं नकार दिला. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, द्या इकडे." मान वर केली तर कॉर्डेल. तो बर्फावर टाकायचं मीठ घ्यायला आला होता. भारा त्यानं पावाच्या लादीसारखा उचलला.

"घर बदलताय?"

"छे. शेजाऱ्यासाठी नेतोय."

तो हसला. अकरा वर्षं पत्रकारांची खोटी तोंडं बघितलेला माणूस. "आम्हाला तर कोणी विचारत नाही, सर. इथे आलो तेव्हा विमानातून उतरल्यावर टीव्हीवर कळलं, मी आता टोलेडोचा. पुढेही तसंच कळेल. तुमच्या शेजाऱ्याला कोणी विचारलंय का, ये म्हणून?"

"बहिणीनं. पत्र पाठवलंय."

"मग काय म्हणाला?"

"अजून काही नाही."

"त्याला सांगा," असं म्हणत त्यानं डिकी लावली, "विचारलेल्या माणसानं निदान उत्तर तरी द्यावं."

एवढंच. फोटो कोणी काढला मला दिसलं नाही. घरी येऊन मी उत्तर लिहायला बसणार होतो. तेवढ्यात तो फोटो आला आणि मला लपायला छान जागा मिळाली.

काल मात्र ओटिसनं सांगितलं, त्याची नात कॉर्डेलच्या मुलीच्या वर्गात आहे. पोरीला सगळे म्हणतात तू जाणार, तू जाणार. शेवटी तिनं आपले रंगीत खडू मैत्रिणींत वाटून टाकले. ओटिसच्या नातीच्या वाट्याला हिरवा आला. "आमची घेईना," ओटिस म्हणाला, "पण ती पोर ऐकेचना. म्हणाली, नव्या शाळेत हिरवा असेल."

मी टोस्ट खाली ठेवला. पण काल बोललो नाही, हेही कबूल करतो.

आज सकाळी कोट घातला. खानावळीत गेलो, नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि डावं कोपर टेबलावर ठेवलं. व्हर्नानं कॉफीचं भांडं ठेवलं, फोन काढला, तो फोटो उघडला आणि फोन माझ्या कोपराशेजारी मांडला. तिघांनी आळीपाळीनं दोन्हीकडे बघितलं.

"बोल," व्हर्ना म्हणाली.

मी सगळं सांगितलं. मग लगेच, त्यांच्यासमोर, रेडिओवाल्यांना फोन केला आणि नाव देऊन सांगितलं. त्यांनी दुजोरा मागितला. म्हटलं, कोट पाठवू का? व्हर्नानं फोन हिसकावून दुजोरा दिला. ओटिसनं शाळेत फोन लावून बाईंना सांगितलं की खडू परत गोळा करा.

गसला अजून पटलेलं नाही. "खोकी तुझी असतील. पण तो त्या दुकानात गेलाच कशाला?"

"मीठ घ्यायला."

"बघा! मीठ! जाणारा माणूस दारात मीठ कशाला टाकेल? म्हणजे तो राहतोय." आणि हा महिनाभर 'देऊन टाका' म्हणणारा गस रुमालात नाक शिंकरायला लागला.

"घर विकायचं असेल तर टाकतात मीठ," ओटिस म्हणाला. "गिऱ्हाईक घसरू नये म्हणून." मग माझ्याकडे वळला. "आणि तू? तू चाललास?"

मी म्हटलं, डॉलीनं बोलावलंय. मागची खोली रिकामी आहे. अंगणात ग्रेपफ्रूटचं झाड आहे. जिना नाही.

यावर टेबलानं माझीही अदलाबदल चर्चेला घेतली.

"टूसॉन काय देतंय?" व्हर्नानं विचारलं.

"एक पेटी ग्रेपफ्रूट मागू," गस म्हणाला.

"ह्याच्या बदल्यात पेटी? वय त्र्याहत्तर, उजवा गुडघा गेलेला, आणि नऊ दिवस मित्रांशी खोटं बोललाय. अर्धी पेटी मिळाली तरी नशीब."

"पण शब्दकोडं हाच सोडवतो," असं गस म्हणाला. "ते कोण सोडवणार?"

"मी देत नाही," ओटिस म्हणाला. त्यानंतर बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. तो साखर घेत नाही, डॉली.

मग व्हर्ना म्हणाली, "मतं कसली घेताय? त्याला विचारा."

आता मला जे सांगायचं नाही ते सांगतो. जाणाऱ्याचा शर्ट जाळायचा, ही इथली रीत तुला माहीत आहे. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की गल्लीत पिंप पेटवायचं आणि त्याच्या नंबरचा शर्ट आत टाकायचा. तुझा सामन्याला घालायचा बारा नंबरचा शर्ट लाँड्रीत हरवला असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तो हरवला नव्हता. तू गेलीस त्या संध्याकाळी मी तो पिंपात टाकला. तुला विमानतळावर सोडायला आलो नाही, सामना आहे म्हणालो. सामना नव्हता. स्टेडियममधली माझ्या शेजारची तुझी खुर्ची पुढच्या हंगामात एका दातांच्या डॉक्टरला देऊन टाकली, आणि तो माणूस समोरच्या संघानं गुण केले तरी टाळ्या वाजवायचा. ती शिक्षा मी अकरा वर्षं भोगली.

जोननं वरून भांडी धुतलेल्या पाण्याची बादली ओतली, म्हणून अर्धा शर्ट वाचला. 'एक' जळला, 'दोन' राहिला. तिनं तो कुठे ठेवला मला माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात तळघरात सापडला, धुतलेला, घडी घातलेला. पहिल्या खोक्यात तोच ठेवलाय.

एकूण अकरा खोकी भरली आहेत. घर मात्र विकलेलं नाही. तू म्हणशील, हे काय? ऐक. संघाला माणसाची खात्री नसेल तर ते त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतात. दहा दिवस खेळवून बघायचं. बरा वाटला तर आणखी दहा. तिसऱ्यांदा तसा करार होत नाही: तिथे हंगामभर ठेवा, नाहीतर सोडा. तू मला तसं घे. मी सकाळी साडेपाचला उठतो, रेडिओ मोठ्यानं लावतो आणि तुझ्या त्या फीनिक्सच्या संघाबद्दल चांगलं बोलणार नाही. दहा दिवसांत जमलं नाही तर सांग. मी रुसणार नाही. रुसण्यात मी चौदा वर्षं घालवली, आता सराव नको.

फोन का केला नाही? फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि शर्टाचं मला एका दमात सांगायचं होतं.

पुढचा कार्यक्रम असा. उद्या तीनला सगळे व्हर्नाकडे, रेडिओसमोर. कॉर्डेल राहिला तर गस पाव वाटेल, गेला तरी वाटेल, फक्त रडत. शनिवारी सकाळी दहाला गल्लीत पिंप. माझा शर्ट जाळायचं पक्कं झालंय. ओटिसनं हरकत घेतली होती: दहा दिवसांच्या करारावर जाणाऱ्याची फक्त बाही जाळावी, बाकी शर्ट परत येईपर्यंत तो स्वतः सांभाळेल. मतदान झालं. बाही ठरली.

रविवारी दुपारी चार वीसला माझं विमान टूसॉनला उतरतं. खोकी मागे राहतील, फक्त पहिलं बरोबर आणतोय. विमानतळावर यायचं की नाही ते तू ठरव. आली नाहीस तर का आली नाहीस ते मला समजेल. टॅक्सीनं येईन आणि दार वाजवीन.

आलीस तर शोधत बसू नकोस. तिकडच्या उन्हात कॉर्डरॉयचा कोट घातलेला म्हातारा एकच असेल, आणि कोपर आता सगळ्या देशाला माहीत आहे.

तुझाच, दहा दिवसांसाठी तरी,
लिओ