लाल फाकेतली तीन मिनिटं

१२ मार्च, गुरुवार

घड्याळाला हात लावला होता. मंगळवारी, दुपारी साडेबाराला. मीच.

लिहून टाकलं एकदाचं. आता या पानाला माहीत आणि मला माहीत.

वायरलेस केंद्रातलं मोठं घड्याळ. ऑपरेटरच्या टेबलासमोर, भिंतीवर. काच गेल्या वर्षी तडकली म्हणून काढली, नवी अजून येतेच आहे. तबकडीवर दोन लाल फाका रंगवल्यात, कलिंगडाच्या असाव्यात तशा. एक पंधरा ते अठरा, दुसरी पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. काटा लाल फाकेत शिरला की सगळ्यांनी गप्प बसायचं. आमचं केंद्र गप्प, समुद्रावरच्या सगळ्या बोटी गप्प. तीन मिनिटं कुणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. कुणी बुडत असेल तर त्याची बारीक हाक कानावर यावी म्हणून. चौदा वर्षं झाडतेय तिथे. त्या तीन मिनिटांत मीही झाडू थांबवते. कुणी सांगितलेलं नाही.

तर मंगळवारी स्टुलावर चढून तबकडी पुसत होते. फडका काट्यात अडकला, काटा सरकला. मी परत ढकलला — अंदाजाने! दिसायला बरोबर दिसत होता. उतरले, बादली उचलली, घरी आले. संपलं.

संपलं कुठे.

१३ मार्च, शुक्रवार

सरळ लिहिते, नाहीतर डोक्यात नुसता गुंता होतो.

मंगळवारी बारापासून भावोजींची ड्यूटी. माझे धाकटे दीर, केंद्रात ऑपरेटर आहेत. हे गेले तेव्हा भावोजींनीच मला तिथे चिकटवलं. एक वाजल्यानंतर ते हवामानाचा निरोप पाठवत होते. मोठा असतो तो. सव्वाच्या आत संपवायचा आणि गप्प बसायचं. त्यांच्या घड्याळात संपला तेव्हा सव्वा वाजत होते. पण बाहेरच्या जगात एक एकोणीस झाले होते. चार मिनिटांचा फरक. म्हणजे गप्प बसायची ती तीन मिनिटं त्यांच्याच हाताखाली चिरडली.

आणि नेमक्या त्याच तीन मिनिटांत एक लहान मालाची बोट हाक मारत होती. लांबच्या एका जहाजाने ऐकली, पण तुटक तुटक. वरून आमचा हवामानाचा निरोप धो धो! कुठली बोट, कुठे आहे, काही कळेना. बोटीवर सहा माणसं. पाच संध्याकाळी फळकुटाला धरलेली सापडली. सहावा बोटीवरचा ऑपरेटर, हाक मारत बसलेला. तो नाही सापडला.

चौकशीला साहेब आलाय. भावोजी म्हणतात, "मी घड्याळाप्रमाणे केलं." साहेब म्हणतो, "घड्याळ तर बरोबर आहे." आता आहे बरोबर! मागाहून कुणीतरी लावलं असणार. आमच्याकडे लावतात, लिहीत नाहीत.

भावोजी पुढे काहीच बोलले नाहीत. मी दारात, हातात झाडू. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग खाली बघितलं.

त्यांना माहीत आहे. मला वाचवतायत.

१५ मार्च, रविवार

आमचं एक घर, दोन चुली. खाली ते दोघं, वर मी. रविवारी मात्र खाली जेवते. जाऊबाईंचं तोंड सुरूच.

"झोप लागली असणार ह्यांना. मला कुणी सांगायला नको! घास हातात धरून पेंगणारा माणूस."

"नाही लागली," भावोजी म्हणाले.

"मग साहेबाला तसं सांगा की. तिथे तोंडाला कुलूप आणि घरात ऐट."

"वहिनी, मीठ द्या जरा."

मीठ दिलं. थोडं ताटाबाहेर सांडलं. जाऊबाई म्हणाल्या, "तुमचं काय बिनसलंय हो? परवाना ह्यांचा जाणार आहे, तुमचा झाडू नाही."

एरवी असं ऐकून घेतलं नसतं मी. आज गिळलं. भाजीबरोबर.

परवाना जाणार हे खरं आहे. एकोणीस वर्षं त्या माणसाने दुसरं काही केलेलं नाही. बाजारात पिशवी धरून उभे असतात तेव्हासुद्धा बोट पिशवीच्या बंदावर टिचक्या मारत असतं.

१६ मार्च, सोमवार

आज धुकं. केंद्राच्या छपरावरची उंच तार सुद्धा अर्ध्यात दिसेनाशी झाली. तिचा आवाज कुठून येतो कळेना.

दुपारी डोळा लागला. मला स्वप्नं पडत नाहीत. वेळ कुठे असतो? पण पडलं. मी त्या तबकडीवर चालत होते, अनवाणी. तबकडी पाण्यावर तरंगत होती आणि खालून ऊब येत होती, दुपारच्या फरशीला येते तशी. काटा माझ्या मागे मागे. घाई नाही, काही नाही. लाल फाकेत पाऊल टाकलं तर ती मऊ होती. आणि शांत! इतकी शांत की पाण्याखाली कुणीतरी टिचक्या मारतंय ते तळपायाला कळत होतं. तीन बारीक, तीन लांब, तीन बारीक. मी वाकून म्हटलं, थांब रे, आले. आणि जागी झाले तर उशी भिजलेली.

चौदा वर्षं ऐकून बुडणाऱ्याची तेवढी हाक येते मला. बाकी येत नाही. पण टिचक्यांवरून भावोजींचा हात ओळखते, पाळीवरच्या दुसऱ्याचा ओळखते. चालीवरून माणूस ओळखावा तसं. भावोजींची शेवटची टिचकी जरा ओढून असते, दार हळू लावल्यासारखं.

१८ मार्च, बुधवार

आज चौकशीच्या खोलीत पाणी द्यायला गेले आणि पुसायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले.

साहेबापुढे कायद्याचं जाड पुस्तक. कोड म्हणतो तो त्याला. बोट ठेवून वाचतो, "अमुक कलम, अमुक पोटकलम." आमचे मोठे साहेब, केंद्राचे प्रमुख, भिंतीवरच्या चौकटीकडे हात करतात. तिथे ऑपरेटरनी कसं वागावं याचा कागद लावलाय. तोही कोडच! सावध असावं, खरं लिहावं, ऐकलेला निरोप तिसऱ्याला सांगू नये. ती चौकट मी दर शनिवारी पुसते. आणि भावोजी, विचारलं की एकच, "साहेब, कोडमध्ये आलेलं मला ऐकूच आलं नाही."

भावोजींचा कोड म्हणजे टिचक्या. तिघांचं नुसतं कोड कोड. आमच्या घरी मुलांचे कोड पुरवायचे, तेवढाच शब्द मला माहीत. तोही माझ्या वाट्याला फार आला नाही.

पण जिना उतरताना डोक्यात आलं. साहेबाच्या पुस्तकात एवढंच, की कोण चुकलं. भिंतीवरच्या कागदात, कसं वागायला हवं होतं. आणि त्या टिचक्यांत? तिथे कोण नाही, कसं नाही. तिथे फक्त — कुणी आहे का? ऐकताय का?

पहिल्या दोघांना उत्तर द्यायला वकील लागतो, शाळा लागते. तिसऱ्याला नुसतं गप्प बसावं लागतं. आणि तेच मी मोडलं. फडक्याने.

१९ मार्च, गुरुवार

फाटकाबाहेरच्या बाकावर एक बाई चार दिवस बसते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मांडीवर पिशवी, पिशवीत काही नाही. आज तिने मला थांबवलं.

"तुम्ही इथल्या?"

"झाडते."

"मग तुम्हालाच विचारते, बाई. बाकीचे तोंड उघडत नाहीत, नियम आहे म्हणतात. त्या बोटीवरचा ऑपरेटर माझा लेक. खोलीत एकटाच होता. लोक बोलतात, घाबरून गोठला, हाकसुद्धा मारली नाही त्याने. मारली होती का?"

"मारली. तीन मिनिटं सारखी मारत होता."

सांगू नये असं चौकटीत आहे. होऊ दे.

तिने डोळे मिटले. चेहरा असा सैल झाला, वेणी सोडल्यावर डोकं हलकं व्हावं तसा. मग म्हणाली, "मग कुणी ऐकली कशी नाही हो?"

मी बादली उचलली आणि आत गेले.

२१ मार्च, शनिवार

सव्वा वाजले की घरी सुद्धा हात थांबतो आता. आज कांदा अर्धा चिरलेला, सुरी तशीच वर धरून उभी राहिले. तीन मिनिटं किती मोठी असतात! नळ थेंब थेंब. खाली जाऊबाई काहीतरी कुटत होत्या. लांब कुठे गाडीचा भोंगा. त्या सगळ्याच्या खाली अजून एक आवाज असतो, आधी कधी ऐकला नव्हता. बारीक. पडद्यातून ऊन यावं तसा. वाटलं, हा तोच पोर असेल, अजून बसलाय, अजून विचारतोय. वाटलं, आपण नुसतं हो म्हटलं तरी पुरे.

मग कांद्याने डोळे झोंबले. नशीब, कांदा होता.

२२ मार्च, रविवार

चौकशी मंगळवारी संपणार. भावोजी दोषी, असंच सगळे धरून चाललेत. जाऊबाईंनी आज पहिल्यांदा भांडण केलं नाही, नुसत्या त्यांच्या ताटाशी बसून राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बोलले तर काम जाणार. तुरुंगबिरुंग असेल तर तोही. चौथी शिकलेली बाई, तिला कोण काय समजावून सांगणार?

पण तो माणूस माझ्यासाठी गप्प बसलाय. आणि फाटकाबाहेर ती दुसरी बसलीय. मी मध्ये. नाही झेपत मला.

बोलणार.

२४ मार्च, मंगळवार

बोलले.

दार न वाजवताच आत गेले. साहेब म्हणाला, "पाणी नको आता."

"पाणी नाही आणलं. घड्याळ मी सरकवलं होतं. साडेबाराला. पुसताना."

मोठे साहेब उठलेच. "बाई, तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय म्हणून तर पंधरा दिवस जेवण गोड लागत नाही!"

मग स्टूल मागवलं. मला चढायला लावलं, फडका दिला, कसं पुसलं ते दाखवायला लावलं. परत अडकला काटा! साहेबाने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. मी अंदाजाने लावला तो या खेपेला तीन मिनिटं मागे पडला. खोलीत कुणी हसलं नाही. भावोजी कोपऱ्यात उभे, तोंड पांढरं फटक.

मग साहेब पुस्तक चाळत बसला. पानं पुढे, पानं मागे. शेवटी म्हणाला, झाडणाऱ्या बाईने घड्याळ हलवलं तर काय करायचं, असं कलमच नाही यात.

"नसायचंच," मी म्हटलं. "पुस्तक लिहिणाऱ्याने कधी घड्याळ पुसलं असेल तर ना."

साहेबाने ड्यूटीची नोंदवही काढली. रोज एक वाजता वेळेचा संकेत येतो म्हणे, त्यावर घड्याळ पारखायचं. त्या दिवशीची नोंद भावोजींच्या अक्षरात, 'खरखर, संकेत मिळाला नाही.' म्हणजे घड्याळ चुकलंय हे त्यांना कळायला वाटच नव्हती. भावोजी सुटले! परवाना राहिला. माझं काम मात्र आजपासून बंद. मोठे साहेब सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

बाहेर आले. बाकावर ती होती. तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं, फडका, काटा, सगळं. तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. मग म्हणाली, "त्याने मारली होती ना, तेवढं त्यांच्या कागदात लिहून घ्या." परत आत गेले, साहेबाला लिहायला लावलं. अंगठ्याची जागा दाखवली त्याने. मी सही केली.

जिन्यात भावोजी म्हणाले, "वहिनी—" आणि थांबले. म्हटलं, राहू द्या. तुम्हीही गप्प बसलातच की माझ्यासाठी.

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. धुकं परत आलं होतं, रस्त्याच्या कडा विरघळल्या होत्या. कसं हलकं हलकं वाटत होतं.

२५ मार्च, बुधवार

भावोजी सकाळीच वर आले. दारातच उभे.

"एकचा संकेत मिळाला होता मला, वहिनी. स्वच्छ. घड्याळ चार मिनिटं मागे आहे, तेव्हाच दिसलं. म्हटलं, एवढं हवामान संपवू, मग चढू स्टुलावर. हाताला लय लागली आणि विसरलो. दोनला चढलो. मग वहीत खरखर लिहिली."

म्हणजे माझ्यासाठी नव्हते गप्प.

साहेबाची गाडी अकराला निघते. म्हटलं, चपला घाला.

एक घातलीय. दुसरी शोधतायत, तेवढ्यात हे लिहिलं.