वाजणारी पेटी मिळणेबाबत

प्रति,
मा. साहित्यपुरवठा अधिकारी,
शालेय साहित्य कार्यालय, दुसरा मजला

विषय : शिक्षकांच्या संगीत साधनसंग्रहासाठी पेटी मिळणेबाबत (तिसऱ्यांदा).
संदर्भ : आपण पाठवलेल्या दोन पेट्या.

महोदय,

१. शाळेत गाणे येणारा शिक्षक प्रस्तुत अर्जदार एकटाच. बाकी वर्गांवर गाण्याचा तास ज्याच्या गळ्यात पडेल तो घेतो. गणिताचे सर सव्वीसचा पाढा चालीत म्हणून वेळ मारून नेतात. अशांसाठी अर्जदाराने जिन्याखालच्या खोलीत स्वरलिपीच्या वह्या, ध्वनिफिती, तबलाजोडी असा संग्रह मांडला आहे. उणीव पेटीची.

२. पहिल्या अर्जात 'पेटी, नग एक' असे लिहिले. आपण पत्र्याची पेटी पाठवलीत, कुलपासकट. 'हार्मोनियम' असा खुलासा केला असता आपले भांडारपाल म्हणाले, "मास्तर, यादीत पेटीच आहे. यादीबाहेरची टाचणीसुद्धा मिळायची नाही."

३. म्हणून दुसऱ्या अर्जात 'जिच्यातून आवाज उठतो ती पेटी' असे सविस्तर लिहिले. आपण आपल्या दारावरची तक्रारपेटी काढून पाठवलीत. जनतेचा आवाज तिच्यातूनच उठतो, हे बिनतोड आहे. फक्त तिच्यात सा लागत नाही.

४. 'या महिन्यात एकही तक्रार नाही' हा आपला अहवाल वाचून आनंद झाला. लोक आता पत्ता काढत इकडे येतात. काल एक आजोबा पाढा संपेपर्यंत थांबले आणि चिठ्ठी टाकून म्हणाले, "गळक्या नळाचं बघा हो. घाई नाही, तुमचं गाणं होऊ द्या."

५. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावले आहे, "सोमवारपर्यंत सूर आला नाही, तर खोलीत मोडकी बाकं जातील. ती गप्प तरी बसतात." खोली गेली की वह्या अडगळीत जातील आणि सव्वीसचा पाढा हेच या शाळेचे संगीत ठरेल.

६. तक्रारपेटी परत करण्यापूर्वी आतील कागद मोजले. किल्ली आपण अडकवूनच पाठवली होती. नऊ तक्रारी निघाल्या. पैकी सहा याच अर्जदाराच्या : पत्र्याची पेटी आल्यापासून दर आठवड्याला एक, न चुकता टाकलेल्या.

७. 'पेटी ज्याच्या ताब्यात, त्याने सात दिवसांत निर्णय द्यावा' असे तिच्या झाकणावर आपणच रंगवून घेतले आहे. त्यानुसार अर्जदाराने सहाही तक्रारी पूर्ण विचारांती मंजूर केल्या आहेत. आता आपण फक्त अंमलबजावणी करावी. सोमवारच्या आत.

आपला नम्र,
तूर्त तक्रारनिवारक,
संगीतशिक्षक

दिनांक : शुक्रवार

सोबत :
१. मंजुरीपत्रे, सहा.
२. नळाची चिठ्ठी (शिपाईमामांनी वायसर बदलला, तक्रार निकाली).