फ्रीजच्या भेटी थांबवून मुलीची भेट मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रबंधक साहेब,
कौटुंबिक न्यायालय,
तळमजला, झेरॉक्स मशीनच्या मागची खोली.

अर्जदार: परिशिष्ट 'ब' चा बाप. व्यवसाय: शाळेच्या बसचा चालक.

विषय: भेटीसाठी फ्रीजऐवजी मुलगी मिळणेबाबत, तसेच दात जमा करण्याच्या नोटिशीस उत्तर.

संदर्भ: १) घटस्फोटाचा आदेश, जसा टाचला गेला तसा. २) आपल्या कार्यालयाची दाताबाबतची नोटीस. ३) अर्जदाराचे याआधीचे सर्व अर्ज, जे आपल्या टेबलावर पेपरवेटखाली आहेत. अर्जदाराने ते खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

महोदय,

खिडकीपुढे उभे राहून पाय आणि विनंत्या करून जीभ दमलेला अर्जदार पुढील हकीकत आपल्यासमोर ठेवत आहे, ती अशी की:

१. अर्जदार आणि त्याची बायको, म्हणजे आता विरुद्ध पक्ष, यांचा संसार मोडला. त्याविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, आणि या दोघांनी ती अगदी हौसेने वाजवली. न्यायालयाने दोन पाने केली. एका पानावर मुलगी, वय वर्षे सात, घरी तिला ठमी म्हणतात. दुसऱ्या पानावर घरातला फ्रीज, दोन दारांचा, कारण बाकीचे सामान दोघांनी रडत-भांडत आधीच वाटून घेतले होते. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे आदेशात कोणाचे नाव येत नाही, नुसते 'परिशिष्ट अ' आणि 'परिशिष्ट ब' असे येते. कोणते पान अ आणि कोणते ब, हे बाबूंचा शिक्का ठरवतो. तो शिक्का जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर पडला आणि उलटा पडला. बाबूंना भूक लागली होती, हे अर्जदार समजू शकतो.

२. परिणामी फ्रीज हा 'अ' झाला. आदेशानुसार 'अ' ने दर दुसऱ्या शनिवारी न्यायालयाच्या भेट-कक्षात अर्जदारास भेटावे, भेटीच्या वेळी समुपदेशक बाई हजर असाव्यात, आणि अर्जदाराने 'अ' समोर विरुद्ध पक्षाची निंदा करू नये. विरुद्ध पक्ष बिचारी टेम्पो करून फ्रीज घेऊन येते. दोन हमाल तो जिन्यावरून चढवतात. भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेल्या त्या खोलीत अर्जदार लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसतो आणि फ्रीजकडे बघतो. पहिल्या भेटीला समुपदेशक बाईंनी शेरा लिहिला की 'अ' अबोल आहे. पुढच्या भेटीला कोणीतरी प्लग लावला, तेव्हा शेरा आला की 'अ' वडिलांना पाहून घुरघुरतो, मनात राग साठलेला दिसतो. अर्जदाराने सांगितले, "बाई, तो कॉम्प्रेसर आहे." बाई म्हणाल्या, "सगळे बाप सुरुवातीला असंच नाकारतात."

३. 'अ' च्या पालनपोषण, औषधोपचार व शिक्षणाचा खर्च अर्जदाराने द्यावा, असाही हुकूम आहे. पालनपोषण म्हणून विजेचे बिल भरले. औषधोपचार म्हणून मेकॅनिक आणला, गॅस भरला. शिक्षणाचे मात्र घोडे अडले. 'अ' ला कोणत्या शाळेत घातले त्याची पावती आणा, असे आपल्या कार्यालयाने दोनदा बजावले आहे. उलट अर्जदाराने ठमीची फी गुपचूप शाळेत भरली, तर त्यावर हरकत निघाली की वाटणीपूर्वी 'ब' वर परस्पर खर्च करून अर्जदाराने वस्तूची किंमत वाढवली.

४. आता 'ब'. 'ब' आहे त्या स्थितीत विरुद्ध पक्षाच्या घरी राहावी, मूल्यमापन होईपर्यंत ती हलवू नये, अर्जदाराने तिला हात लावू नये, आणि मग विकून येणारी रक्कम निम्मी-निम्मी करावी, असा आदेश आहे. मूल्यमापक खरोखरच घरी गेले. त्यांनी ठमीला उभे केले, पट्टीने उंची घेतली, आणि लिहिले: "चालू स्थितीत. आवाज जास्त. पुढचा एक दात हलतो. घसारा धरावा." ठमीने त्यांना विचारले, "काका, मला बाबांनी विकत घेतलं तर चालेल का?" त्यावर विरुद्ध पक्षाने मूल्यमापकांना जिन्याखाली पोचवले. कसे पोचवले, ते त्यांनी अहवालात लिहिलेले नाही, पण पुढची माहिती त्यांनी टपालाने मागवली आहे. लग्नानंतर अर्जदाराला बायकोचे एखादे कृत्य इतके मनापासून पटण्याची ही पहिलीच वेळ.

५. मग ती मुलीला परस्पर का भेटू देत नाही, असे आपण विचाराल. तिच्या वकिलांनी तिला घाबरवून ठेवले आहे की आदेश मोडलात तर ताबाच जाईल. फोनवर ती अर्जदाराला म्हणाली, "अहो, मी काय करू? तुम्हाला भेटवलं आणि हिला सील ठोकून नेलं तर?" आणि रडली. अर्जदारही रडला. इतके एकमताने ते दोघे संसारात कधी वागले असते, तर आपल्या कार्यालयाची एक फाईल वाचली असती.

६. दुरुस्तीसाठी अर्जदाराने कमी खेटे घातलेले नाहीत. आदेश देणारे न्यायाधीश बदलून गेले. नवे साहेब म्हणतात, आदेश माझा नाही. बाबू म्हणतात, शिक्का माझा आहे पण आदेश साहेबांचा. अपील करायचे तर प्रमाणित नक्कल लागते. ती मिळाली, आणि तिच्यावर लिहून आले की ही नक्कल मुळाबरहुकूम बरोबर आहे. म्हणजे चूकसुद्धा आता प्रमाणित झाली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, एवढेच अर्जदार नम्रपणे म्हणू इच्छितो.

७. आता दाताविषयी. गेल्या भेटीत समुपदेशक बाईंनी नियमाप्रमाणे 'अ' ची दारे उघडून पाहिली. अंड्यांच्या कप्प्यात कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात होता. पुडीवर लिहिले होते, "बाबा, हा पडला. आईला माहीत आहे. तुम्ही ठेवा." अर्जदाराने पुडी खिशात घातली आणि फ्रीजच्या दाराला डोके टेकवून मोठ्याने रडला. यावर बाईंनी शेरा दिला की पिता आणि 'अ' यांच्यात जिव्हाळा निर्माण होत आहे, रात्रीच्या मुक्कामाची परवानगी द्यावी. आणि आपल्या कार्यालयाने नोटीस काढली की 'ब' चा सुटा भाग अर्जदाराने मूल्यमापनाआधी परस्पर ताब्यात घेतला आहे, तो तात्काळ जमा करावा, अन्यथा अपहाराची कारवाई होईल.

महोदय, इथपर्यंत अर्जदाराने सगळे ऐकले. फ्रीजशी गप्पा मारा म्हणालात, मारल्या. बिले भरा म्हणालात, भरली. अर्जदार रोज सकाळी बसभर लोकांची मुले आणतो आणि पोचवतो. त्यांच्या आया खिडकीतून हात करतात, आणि कोणी त्याच्याकडे प्रमाणपत्र मागत नाही. आपलीच मुलगी बघायची म्हटले की हा माणूस धोकादायक ठरतो. पण दात? साहेब, दात मिळणार नाही. काय करायचे ते करा.

तरी विनंती की:

अ) शिक्का सुलटा करावा. शाईचा खर्च अर्जदार देईल.

ब) फ्रीज विरुद्ध पक्षाला कायमचा द्यावा. अर्जदाराचा त्याच्यावर राग नाही, पण माया तरी किती लावणार!

क) हे दोन्ही जमत नसेल, तर दात पुन्हा 'ब' च्या स्वाधीन करण्यास अर्जदार तयार आहे. मात्र तो आपल्या खिडकीत देणार नाही. ज्या तोंडातून तो पडला, त्या तोंडासमोर उभा राहून अर्जदार स्वतः देईल. त्या जागी आता नवा दात आला आहे, असे फोनवर कळले. अर्जदाराने तो अजून पाहिलेला नाही.

आपला, अजूनपर्यंत तरी, नम्र,

(सही)
अर्जदार, ठमीचे बाबा

दिनांक: शनिवार, फ्रीजला भेटून आल्यावर लगेच

सोबत जोडले आहे:
१. आदेशाची प्रमाणित नक्कल, चुकीसह.
२. फ्रीजच्या औषधोपचाराची पावती.
३. मूल्यमापकांचा अहवाल.
४. विरुद्ध पक्षाची संमती. तिने सही करताना विचारले, की इतक्या उशिरा का आणलीत.
५. दात: जोडलेला नाही.