वाळक्या दिसणाऱ्या सात वेलींची व्यवस्था

मंगळवार, दिनांक १७ एप्रिल १९३४ रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझा भाचा जगदेव शांतवन अंभोरे, राहणार केनवड, याने माझ्या मळ्यातली द्राक्षाची पहिली जिवंत वेल मुळासकट उपटवली. दुपारपर्यंत एकेचाळीस गेल्या. त्या वेळी मी आबकारी परवान्याची मुदत वाढवून घेण्यासाठी अकोल्याच्या कचेरीत बाकावर बसले होते. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण माझा माळी फय्याज याला घड्याळ पाहायला मीच शिकवले.

म्हणून मी, मनकर्णा योसेफ अंभोरे, वय त्रेसष्ट, अविवाहित, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार मंगरूळपीर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हृदय नाही. डॉक्टरांनी दिवाळीचा भरवसा दिलेला नाही. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असा माणूस या तालुक्यात अजून नेमणुकीवर आलेला नाही.

कलम १. विहिरीसह तीन एकर मळा, दगडी खांबांचा मांडव आणि उरलेल्या सात वेली फय्याज शेख याला कायमच्या देते. याला कोणतीही अट नाही. कारण लिहिणे भाग आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोतिल्द यांनी मला फ्रेंच शिकवले आणि उपासनेसाठी लागणारा द्राक्षारस करायलाही. त्यांच्या वहीत लिहिले होते की वेल जानेवारीत छाटावी. १९१७ साली मी वेली लावल्या आणि जानेवारीत छाटल्या. पाने भरपूर आली, द्राक्ष एक नाही. सिस्टरच्या देशात जानेवारीत बर्फ पडतो. आमच्याकडे हुरडा असतो. हे कळायला मला दोन वर्षे लागली.

मग दौलताबादच्या बागांत वाढलेला फय्याज आला. १९१९च्या एप्रिलमध्ये, मी शाळेत असताना, त्याने प्रत्येक काडी खोडापर्यंत कापली. घरी येऊन पाहते तो मळ्यात नुसत्या काठ्या उभ्या. मी त्याला भर गल्लीत कसाई म्हटले आणि चालता हो म्हणाले. तो म्हणाला, "बाई, पंधरा रोज रुको. फिर निकालो." तो गेला नाही. बांधावरच्या लिंबाखाली घरून आणलेली भाकर खात तो बसून राहिला. तेराव्या दिवशी त्या काठ्यांच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटायच्या गाठींवर, कापसासारखी लव आली. एप्रिलमध्ये काडीसाठी कापायचे, ऑक्टोबरमध्ये फळासाठी, हे मी त्या दिवशी शिकले. मी त्याला पुन्हा कामावर ठेवले, पगार वाढवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. तीस वर्षे मी मुलींकडून पाटीवर शंभर शंभर वेळा "माझी चूक झाली" लिहून घेतले. आज एकदा मी लिहिते. फय्याज, माझी चूक झाली.

कलम २. माझे सातही रांजण, गाळण्याची कापडे आणि चिनीमातीच्या बरण्या तांड्यावरच्या भुरीबाईला द्याव्यात. पहिल्या वर्षी मी घाईने बुचे ठोकली आणि बाटल्या फुटून माजघराची भिंत रंगली. दुसऱ्या वर्षी तोंडे उघडी राहिली आणि सगळ्याचा सिरका झाला. भुरीबाईने रांजणाला कान लावून सांगितले, "बाई, हे आजून बोलून राह्यलं. गप होईपर्यंत तोंड नोका बांधू." सिस्टरच्या वहीत यावर चार पाने आहेत. भुरीबाईला एक वाक्य पुरले.

कलम ३. जगदेवबद्दल. वेली उपटल्या त्या संध्याकाळी तो ओट्यावर हसतमुखाने उभा होता.

"आत्याबाई, नुसते खुंटं उभे होते. मले वाटलं, तुमच्या डोयासमोरचं मढं उचललं म्या. आता मस्त कपाशी लावू."

"फय्याजने सांगितले नाही, छाटणीला अकराच दिवस झालेत म्हणून?"

"सांगतलं ना. पण त्याचं कायले आयकू? तो तं आपली नौकरी वाचवून राह्यला होता."

फय्याज शेवटच्या सात वेलींपुढे आडवा उभा राहिला होता. जगदेवने त्याला ढकलले. त्याचे उजवे मनगट खांबावर आपटून मोडले. पट्टी निघाली, पण मूठ मिटत नाही. कात्री आता त्याच्या हातात राहत नाही.

जगदेव, वेल ओळखता न येणे हा गुन्हा नाही. तो मीही केला आहे. शाळेत धडा न आल्याबद्दल मी कुणालाही छडी मारली नाही. सांगितलेले न ऐकल्याबद्दल मारली. तुला मारायला आता अंगात जोर नाही, म्हणून कागद वापरते.

कलम ४. माझे राहते घर आणि सिस्टरची वही जगदेवला एकाच अटीवर मिळावी. ऑक्टोबरच्या छाटणीला त्याने मळ्यात यावे. हात त्याचा, शब्द फय्याजचा. कोणत्या डोळ्यावर कापायचे ते फय्याज सांगेल आणि जगदेव कापेल. त्या छाटणीत निघणाऱ्या काड्यांची एकेचाळीस कलमे त्याने स्वतः लावावीत आणि पुढच्या एप्रिलची छाटणीही स्वतःच्या हाताने करावी. त्यानंतर पंधरा दिवस लिंबाखाली बसावे. भाकर घरून आणावी. हे मान्य नसेल तर घर मुलींच्या शाळेला जावे आणि वही फय्याजच्या नातीला. ती वाचायला शिकते आहे.

फय्याज व भुरीबाई यांना यात लाभ आहे, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही. पुढील दोघांनी मला सही करताना पाहिले.

साक्षीदार: उकंडराव गणपतराव भोयर, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार: सेवालाल रामजी राठोड, तांड्याचे नाईक (डाव्या अंगठ्याची निशाणी)

मनकर्णा योसेफ अंभोरे (सही)
मंगरूळपीर, गुरुवार, २ ऑगस्ट १९३४

या मृत्युपत्राची नक्कल जगदेवला रजिस्टर टपालाने केनवडला पाठवली आहे. जगदेव, कलम ४ मान्य की अमान्य, हे तुझ्या स्वतःच्या अक्षरात, शनिवार, २९ सप्टेंबर १९३४ रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पोहोचावे. मी नसले तर फय्याजच्या हाती, डाव्या. "विचार करून कळवतो" हे उत्तर धरले जाणार नाही.