त्याचा पडदा टिकला

माय, तुझ्या खानावळीत जेवणाऱ्या त्या कॉलेजच्या पोराने बनवलेला पडदा टिकला. मी स्वतः तपासला, म्हणून तुला सांगते आहे.

मी काय काम करते ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी वडोदऱ्याला शिकत होते. फ्युएल सेल नावाची एक चपटी पेटी असते. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, मधे एक पातळ पडदा. वीज तयार होते आणि मागे नुसतं पाणी उरतं, धूर नाही. पलसाण्याच्या हायवेवरचे ट्रक उद्या यावर चालावेत म्हणून जगभर खटपट चालू आहे. अडचण पडद्याची आहे. तो ओला राहिला तरच काम करतो, आणि तापला की वाळतो. न वाळणारा पडदा करायचा म्हणून मी इथे सुरतेतच कित्येक वर्षं घालवली. माझे सगळे वाळले. काहींना तर मधोमध चीर गेली. तिकडे दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत तो पोरगाही हेच करत होता, आणि मला ते माहीत होतं.

भेस्तानच्या आपल्या दोन खोल्या अजून डोळ्यांसमोर आहेत. बमरोलीच्या मिलमधून सुटलेले खानदेशातले कामगार भिंतीला टेकून ओळीने बसलेत, तू चुलीपाशी, मी वाढते आहे, आणि तो आपला कोपऱ्यात पुस्तक मांडीवर घेऊन. पहिली गरम, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी माझ्या ताटात ओढते तर तू वर न बघता म्हणतेस, "त्याले वाढ पहिले. तुनं तं घरच शे." खिडकीपाशी टेबल एकच होतं, तेही तू त्यालाच दिलंस. मी कुरकुरले तर म्हणालीस, "तू कोठेबी बसीसन वाची लेस." मी ओट्यावर बसून वाचलं, आणि पासही झाले. पण त्याच्या पाठीवर पडणारं ते खिडकीतलं ऊन मला दिसत राहायचं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, पडदा जमलाय असं वाटतंय. पण दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय लोक मानणार नाहीत. तू तपास. तू मला सूट देणार नाहीस."

नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं, आणि का म्हटलं तेही मला ठाऊक होतं. तो पडदा माझ्या डोळ्यांसमोर फाटलेला मला बघायचा होता. पाकीट आलं तेव्हा तो उजेडात धरून मी खोट शोधली. सेलमध्ये बसवला, हायड्रोजन सोडला, उष्णता वाढवत नेली. माझे पडदे जिथे मान टाकतात ती जागा आली आणि मी खुर्ची पुढे ओढून बसले. विजेचा काटा जराही खाली आला नाही. मग त्याने सांगितलेली मर्यादा ओलांडून मी आणखी तापवलं. तसं करायची काही गरज नव्हती. तरीही वीज येत राहिली, आणि खालच्या नळीतून पाणी थेंबथेंब पडत राहिलं.

मी सेल थंड होऊ दिला आणि त्याला फोन लावला. "टिकला," मी म्हटलं. "तू सांगितलंस त्यापेक्षा जास्त तापवला, तरी टिकला." मला वाटलं आता हसेल, पण त्याला तू आठवलीस. "मावशी असायला हव्या होत्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, तुला एक सांगायचं राहिलंय. सांगू?"

तू दवाखान्यात होतीस ती शेवटची दुपार. बाबा मिलवर, मी वडोदऱ्याला परीक्षेत, तुझ्यापाशी तोच एकटा. एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं मी त्याला कधी विचारलं नव्हतं, कारण ते त्याच्याकडे आहे हेच मला सोसत नव्हतं.

"तापात होत्या त्या," तो म्हणाला. "डोळे मिटलेले. तुझं नाव घेऊन हाक मारली. ती इथे नाही असं सांगवेना, म्हणून मीच ओ दिली. त्यांनी परत हाक मारली, मी परत दिली. मग त्यांना झोप लागली."

"बरं केलंस," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर अहवाल लिहायला बसले. त्यात एक शब्द कमी-जास्त केलेला नाही. उद्या तो त्याच्याकडे जाईल. हे तुला सांगितलेलं मात्र कोणाकडे जायचं नाही.

भाकरीचं, टेबलाचं, या पडद्याचंही मी कधीतरी विसरेन, माय. पण ती हाक मला होती, आणि ओ त्याने दिली. त्याने ओ दिली नसती तर तू हाका मारत राहिली असतीस, हे कळतं मला. तरी वाटतं, द्यायला नको होती.