पाहुण्यापुढे रिकामी घागर

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मु. सावरधोंडा, ता. उदगीर,
जि. लातूर (आधी उस्मानाबाद लिहून खोडलं आहे. हात अजून जुन्याच जिल्ह्याकडे वळतो, माफी असावी.)
एप्रिल १९८३

आमच्या घरचे एकुलते जावई आणि माझे दाजी श्री. पंचाक्षरी यांना माणिकप्पाचे शरणु शरणार्थी.

आपली आणि आपल्या सरकारी जीपची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. (आधी आपली लिहिली, याची नोंद घ्यावी. शिवगंगा सांगत होती की घरी आल्यावर आपण पहिल्यांदा जीपला आज काय झालं ते सांगता आणि मग तिला काय झालं ते विचारता.) आपल्या मातोश्रींच्या गुडघ्यांना माझा नमस्कार. अव्वाने, म्हणजे आपल्या सासूबाईंनी, त्यांच्यासाठी करडईचं तेल एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं आहे, ते पोचलं असेल तर बाटली परत पाठवावी, असा तिचा निरोप आहे. इकडचं क्षेम विचाराल तर माणसं ठीक, जनावरं बारीक, आणि आभाळ एकदम स्वच्छ.

आपलं पत्र पोचलं. शिवगंगाला सातवा सरत आला, तर बाळंतपणाला माहेरी कधी पाठवू, असं मातोश्रींनी विचारलंय. प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरही एका ओळीचं आहे. पण पहिलटकरीण लेक माहेरी येणार, आणि ती यावी की नाही हे गावात टँकर येतो की नाही यावर ठरणार, असे दिवस आलेत. ती ओळ लिहायला हात रेटेना म्हणून आधी बाकीचं लिहितो. सगळं वाचल्यावर माझ्यावर रागवायचं की हसायचं ते आपण ठरवा.

मी सरपंच कसा झालो हे आपणाला ठाऊकच आहे. किशनरावांच्या पार्टीला वाटलं मी त्यांचा, समोरच्यांना वाटलं मी त्यांचा, कारण दुकानात बसून मी दोघांनाही 'हाव' म्हणतो. (दुकानदाराने दुसरं काय म्हणावं?) त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्हा नवा झाला. आम्ही पेढे वाटले, फटाके वाजवले आणि मारुतीच्या पारावर भाषणं झाली की आता साहेब आपल्या दाराशी आला. दाजी, खरं सांगू का, जिल्हा लांब होता तेव्हा एक सोय होती. उस्मानाबादला अर्ज गेला की तो पोचून, फिरून, कुणाच्या तरी टेबलावर झोप काढून उठेपर्यंत पाऊस पडून जायचा आणि अर्ज आपोआप निकाली निघायचा. आता लातूर दोन-अडीच तासांवर आलं. टँकरचा अर्ज गेला आणि पुढच्याच आठवड्यात निरोप आला की टंचाईची पाहणी करायला साहेब स्वतः येतात. इतक्या लवकर कोणी येण्याची आमच्या गावाला सवय नव्हती, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

पाण्याची स्थिती लिहितो. चावडीमागच्या आडात पोहरा सोडला की खडकावर आपटल्याचा आवाज येतो. बाया पहाटे ओढ्यात जातात, वाळूत झिरा उकरतात आणि वाटीवाटीने घागर भरतात. एक घागर भरेपर्यंत सगळ्या गावाच्या सासवा-सुनांचं बोलून होतं. (केवळाबाई म्हणतात, दुष्काळाने एवढं एक बरं केलं.) केवळाबाई म्हणजे आमच्या पंचायतीत घेतलेल्या बाई सदस्य. शब्दाला पक्क्या आणि आवाजाला त्याहून पक्क्या.

साहेब येणार म्हटल्यावर ग्रामसभा बोलावली. किशनराव कमान उभारायची म्हणाले. केळीचे खांब मिळणार नाहीत तर कडब्याची उभारू, असंही म्हणाले. तेव्हा ग्रामसेवकाने हात जोडून समजावलं की साहेब सत्काराला येत नाहीत, ते टंचाई बघायला येतात, तेव्हा त्यांना टंचाई दिसली पाहिजे. हे सगळ्यांना पटलं. मग ठराव झाला: साहेबांच्या येण्याच्या दिवशी कोणी सडा घालायचा नाही, कोणी अंगणात पाण्याचं भांडं ठेवायचं नाही, आणि बायांनी आडाभोवती रिकाम्या घागरी घेऊन रांगेने बसायचं. ठराव किशनरावांनी मांडला, केवळाबाईंनी अनुमोदन दिलं आणि तो एकमताने मंजूर झाला. आमच्या पंचायतीत एकमताने काही मंजूर व्हायची ही पहिलीच वेळ होती, आणि तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

घरी येऊन मी अव्वाला ठराव सांगितला. साहेब जेवायला आपल्याकडे, कारण मी सरपंच, पण पाणी मोजकंच द्यायचं, पेला अर्धा ठेवायचा, हात धुवायला विचारायचं नाही. ती तांदूळ निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "ठराव गावाचा हाय. उंबरा माझा हाय." मला वाटलं, सबंध गाव ठराव पाळणार आहे, एका घरातून तांब्याभर पाणी जास्त गेलं तर टंचाईला काय धक्का लागतो.

दाजी, गावातल्या प्रत्येक घराला हेच वाटलं.

साहेब आले त्या सकाळी मी वेशीवर हार घेऊन उभा होतो. जीप थांबली (चालक दुसराच होता, आपण असता तर ही वेळ आली नसती असं मी अजून धरून आहे) आणि आम्ही गावात शिरलो, तर वेशीपासून चावडीपर्यंत रस्ता ओला. सडा घातलेला. वर रांगोळी. मी ग्रामसेवकाकडे बघितलं, ग्रामसेवकाने पायांकडे बघितलं. पहिलं दार किशनरावांचं. तिथे पाय धुवायला हंडा, वर चकचकीत तांब्या, पलीकडे ओलं फडकं गुंडाळलेला रांजण, आणि गोठ्यासमोर नुकते धुतलेले दोन बैल उभे. बैलांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. किशनराव माझी नजर चुकवून साहेबांना म्हणाले, पाणी घ्या, आमच्या रांजणासारखं गार पाणी लातुरात मिळायचं नाही. केवळाबाईंच्या दारात कैरीचं पन्हं, पेले काठोकाठ. त्यापुढच्या घरी ताक. साहेब बिचारे भले माणूस, कुणाला नाही म्हणेनात. चावडीपर्यंत पोचताना त्यांना दोन वेळा भिंतीआड जाऊन यावं लागलं.

अजून आडाची रांग बाकी होती. माझी सगळी भिस्त तिच्यावर. तिकडे वळलो तर बाया ठरल्याप्रमाणे बसलेल्या, डोक्यावर पदर, समोर घागरी. आणि प्रत्येक घागर गळ्यापर्यंत भरलेली. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, सकाळी सगळ्या रिकाम्याच घागरी घेऊन निघाल्या होत्या. पण बसल्यावर कुणाच्या तरी मनात आलं की पहिल्यांदा गावात येणाऱ्या माणसाला रिकामी घागर सामोरी कशी जाऊ द्यायची? परमुलखातला माणूस, घरी त्याची लेकरंबाळं असतील, आपला अपशकुन त्याला का? मग एकेक जण उठून घरी गेली आणि साठवून ठेवलेलं पाणी घागरीत ओतून आली. चार दिवस कोणी केस धुतले नव्हते, लेकरांच्या अंघोळी बंद होत्या, ते हे पाणी. साहेब आडात वाकून बघणार तोवर एका म्हातारीने त्यांच्या पायावर पाणी घालून वर त्यांना ओवाळलंही. आडात बघायचं राहिलंच.

आमच्या घरी आणखी वेगळा प्रकार. साहेबांचा चेहरा फुफाट्याने पांढरा झालेला. अव्वाने त्यांना एकवार वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आंगूळ झाली का लेकरा?" साहेब लाजले. म्हणाले, आमच्या क्वार्टरला आज नळ आला नाही, तसाच निघालो. मी जगदेवीला डोळ्याने खुणावलं, माझी बायको माझ्या खुणा कधी पाळत नाही हे आपणही बघितलंय. न्हाणीघरात बंब आधीच पेटलेला होता. साहेबांनी आमच्याकडे ऊन पाण्याने भरपूर अंघोळ केली, आत गुणगुणतही होते. मी ओसरीवर बसून एकेक तांब्या अंगावर पडल्याचा आवाज ऐकत होतो. मग धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवण झाल्यावर ओले केस मागे सारून साहेब म्हणाले, "सरपंच, तुमच्या अर्जात आणि तुमच्या गावात फार फरक आहे."

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलंही होतं, की साहेब, आपण आत्ता न्हालात ते आमच्या घरचं पाच दिवसांचं पाणी होतं. पण दाजी, ज्याच्या केसातून अजून पाणी गळतंय आणि ज्याच्यासमोर आपली अव्वा समाधानाने सुपारी कातरून राहिलीय, त्या माणसाला हे कसं सांगायचं? मी "हाव साहेब" म्हणालो. त्याशिवाय मला काही येत नाही.

अहवाल आला तो असा: गावात पाणी समाधानकारक, ग्रामस्थ अत्यंत स्वच्छताप्रिय, टँकरची गरज नाही. शिवाय शेजारच्या तांड्याला तीव्र टंचाई असल्याने त्यांनी तात्पुरतं सावरधोंड्याहून पाणी न्यावं. तिसऱ्या दिवशी तांड्याची माणसं बैलगाडीत रिकामे पिंप घालून दारात हजर. त्यांना आडात पोहरा सोडून आवाज ऐकवला तेव्हा ती हसत हसत खाली बसली आणि आम्हीही हसलो. परत जाताना अव्वाने त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते तरी कुठून आलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

पुन्हा सभा झाली. दोष कोणाचा यावर खूप वेळ गेला. किशनराव म्हणाले, मला वाटलं बाकीचे पाळतील. केवळाबाई म्हणाल्या, मलाबी तेच वाटलं. सगळ्या गावाने हेच वाक्य एकदा म्हटलं आणि सभा संपली. आता पुन्हा पाहणी हवी असेल तर काय करावं, यावर ग्रामसेवक नुसता मान हलवतो.

आता ती ओळ. दाजी, शिवगंगाला एवढ्यात पाठवू नका. बाळंतिणीला रोज न्हाऊ घालायला हंडे लागतात, लेकराची दुपटी धुवावी लागतात, आणि ओढ्यातला झिरा दिवसेंदिवस खोल जाऊन राहिलाय. अव्वाने डिंक आणून ठेवलाय, अळीव, खोबरं, खारका डब्यात भरल्या, बाज विणून घेतली, आजीच्या लुगड्याची दुपटी शिवली. पाण्याचं तेवढं ती बोलत नाही. लेकीला येऊ नको म्हणायचं तिच्या तोंडून निघणार नाही, म्हणून मी तिच्या पाठीमागे लिहितोय. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय, हे शिवगंगाला सांगू नका, तिला काहीच सांगू नका. टँकर मिळाला की मी स्वतः न्यायला येईन.

आपला,
माणिकप्पा

ता.क. आपण कचेरीतल्या जीपवर आहात म्हणून एक सुचवतो, जमलं तर बघा. एखाद्या दिवशी त्याच साहेबांना घेऊन देवणीकडे जायचं निघालं, तर मधे आमची वेस लागते. भर दुपारी तिथे आपल्या जीपचं इंजिन तापावं, रेडिएटरला पाणी लागावं, आणि आपण डबा घेऊन साहेबांनाच सोबत घ्यावं. आधी निरोप नसला तर कोणत्याही दारात जा, रेडिएटर भरेल एवढं पाणी सबंध गावात मिळणार नाही. साहेब आपल्या डोळ्यांनी बघतील. जीपला थोडा त्रास होईल, पण ती आपलं ऐकते असं ऐकून आहे.

ता.क. दोन. कोणत्या दिवशी येणार ते मला बिलकूल कळवू नका. कळलं तर पंचायतीला सांगावं लागेल, आणि पंचायतीला कळलं की पुन्हा बैल धुतले जातील.

ता.क. तीन. घात झाला. पाकीट चिकटवायच्या आधी जगदेवीने हे पत्र अव्वाला वाचून दाखवलं. मला वाटलं, पाठीमागे लिहिलं म्हणून ती चिडेल. ती उठून आत गेली आणि तांब्याची घागर घासायला बसली. मी विचारलं, हे काय, तर म्हणाली, "जावई उन्हातून यील, जीपीला पानी मागंल, आन् मी न्हाई म्हनू?" आजपासून ती स्वतःच्या वाट्याचं पाणी त्या घागरीत टाकून वर फडकं बांधून ठेवते आहे. तेव्हा जीप कोणाच्याही दारात बंद पडू द्या, आमच्या दारात नको. साहेबांना किशनरावांकडे न्या. त्यांचा रांजण कोरडा आहे, मी वाकून बघून आलो.

आणि वरची ती ओळ आपण वाचलीच नाही असं समजा. शिवगंगाला अक्षयतृतीया झाली की पाठवा. टँकर आला तरी पाठवा, नाही आला तरी पाठवा. हे अव्वा शेजारी बसून लिहून घेते आहे. तिला अक्षर ओळखता येत नाही, मी दुसरं काही लिहिलं असतं तरी तिला कळलं नसतं. पण मी हेच लिहिलं आहे. उद्यापासून पहाटे ओढ्यात वाटी घेऊन मीही बसणार आहे.